जुन्या पिकअपचे मागचे ब्रेक आणि दिवे घाट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुरंदर तालुक्यातल्या एका बागायतदार कुटुंबाची ही गाडी. विलीज जीपच्या घराण्यातली, साठच्या दशकात भारतात बांधलेली पिकअप. १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात झाली आणि पुढे त्याच सांगाड्यावर, त्याच एक्सलवर मालवाहू गाड्याही निघाल्या. या पिकअपने कित्येक हंगाम अंजीर आणि सीताफळाच्या पाट्या दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेल्या. मग टेम्पो आले आणि ही गोठ्याशेजारच्या शेडमध्ये जाऊन बसली.

पुढच्या पिढीतला पुतण्या हडपसरला राहतो, नोकरी करतो आणि या गाडीवर मनापासून जीव लावतो. त्याने ती शेडमधून काढली, इंजिन बांधून घेतलं, बॉडीचं काम केलं. खालून गंज लागू नये म्हणून सगळ्या चासीला आणि एक्सलला काळं कोटिंग मारून घेतलं. हे कोटिंग लक्षात ठेवावं, पुढे त्याचा संबंध येतो.

कुटुंबाची इच्छा अशी होती की आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी या गाडीतून दिंड्यांना पाणी द्यायचं. गाडीत पाण्याचे जार, पुढे-मागे वारकरी, आणि घाटाचा चढ. त्या गर्दीत चढावर थांबलेली गाडी हातभर जरी मागे सरकली तरी काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं. या कामात मी सल्ल्यापुरता होतो. हात पुण्याच्या नाना पेठेत उभा जन्म काढलेल्या एका मिस्त्रींचे होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो.

तक्रार काय होती

ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. पेडल बऱ्यापैकी खाली जायचं. मास्टर सिलेंडरमधलं, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे दाब पाठवणाऱ्या मुख्य सिलेंडरमधलं, ब्रेक ऑइल हळूहळू कमी व्हायचं. आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या कडेला, काळा ओला पट्टा दिसायचा.

आधीच्या एका गॅरेजने मागचे लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) नवे टाकून दिले होते. काही महिन्यांत तक्रार परत आली, तेव्हा त्याच गॅरेजने डाव्या चाकाचे लायनर पुन्हा बदलले आणि दोन्ही व्हील सिलेंडरना (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलेंडरना) रबर किट, म्हणजे आतले रबरी कप, टाकलं. तक्रार तिसऱ्यांदा आली तेव्हा पालखी तोंडावर होती. पुतण्याचं म्हणणं सरळ होतं: "काका, ऑइल कमी होतंय, चाक ओलं आहे, म्हणजे व्हील सिलेंडर गळतोय. चांगल्या कंपनीचं किट आणि लायनर टाकले की झालं."

लक्षणं जुळत होती, त्यामुळे हे निदान पटण्यासारखं होतं. पण एकाच ठिकाणचे लायनर वर्षभरात दोनदा खराब होतात, तेव्हा दोष लायनरचा नसतो. लायनर कशाने तरी मरत असतो, आणि ते 'कशाने' सापडेपर्यंत नवा लायनर विकत घेऊ नये.

चाक उचलण्याआधी

या घराण्यातल्या जुन्या गाड्यांची एक गोष्ट नव्या पोरांना ठाऊक नसते, आणि ती जिवावर बेतू शकते. यांचा हँडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रममध्ये नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्यावर, बसवलेल्या वेगळ्या छोट्या ड्रमवर लागतो. म्हणजे हँडब्रेक चाकं धरत नाही, शाफ्ट धरतो. मागचं एकच चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे (एक्सलच्या मध्यातले, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) ते हवेतलं चाक मोकळं उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक पुढे-मागे होऊ शकतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना गाडी जॅकवरून घरंगळते ती अशी. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली तरी फरक पडत नाही, कारण गिअरही तोच शाफ्ट धरतो.

त्यामुळे चाचांनी आधी पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके लावले, मागचा एक्सल दोन्हीकडे स्टँडवर घेतला आणि मगच पान्हा हातात घेतला.

दुसरी गोष्ट नटांची. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत. कुणीतरी कधीतरी नेहमीच्या दिशेने पाइप लावून जोर केला होता. डाव्या चाकाचा एक स्टड तुटलेला आणि त्या जागी सुलट्या आट्यांचा बोल्ट वेल्डिंग करून बसवलेला सापडला. तो काढून बरोबर स्टड बसवणं कामात वाढलं.

हब काढताना

मागचा ड्रम काढायला आधी हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) काढावा लागतो, कारण एक्सलचं टोक निमुळतं आहे आणि हब त्या टेपरवर चावीसकट (खाचेत बसवलेल्या पोलादी तुकड्यासकट) घट्ट बसलेला असतो. वर्षानुवर्षं बसलेला हब हाताने येत नाही. इथे घाईतला माणूस एक्सलच्या टोकावर घण घालतो. तो ठोका एक्सलमधून सरळ आतल्या बेअरिंगवर आणि दोन एक्सलच्या मधल्या ठोकळ्यावर जातो, आणि ब्रेकचं काम डिफरन्शिअलच्या कामावर येतं.

चाचांनी जड पुलर लावला. लावण्याआधी एक्सलचा मोठा नट पूर्ण न काढता दोन आटे ढिला करून तसाच ठेवला. पुलरचा मधला स्क्रू आवळत नेला, त्याच्या डोक्यावर एक ठोका दिला, थांबले, पुन्हा पाव फेरा आवळला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग बंदुकीसारखा आवाज झाला आणि हब उडून त्या नटावर आदळला. नट नसता तर हब आणि ड्रम समोर बसलेल्या पुतण्याच्या छातीवर आला असता. या आवाजाला घाबरायचं नसतं, पण त्याची तयारी ठेवायची असते.

ड्रम उघडताच गॅरेजमधला पोरगा हवेचा पाइप घेऊन आला. त्याला तिथेच थांबवलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. हवा मारायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायचं नाही. पाण्याने ओलं करून फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. आमच्या बऱ्याच गॅरेजांत आजही सर्रास हवा मारली जाते आणि मारणारं पोर सोळा-सतरा वर्षांचं असतं. हे मला फार लागतं.

उघडल्यावर काय दिसलं

डावीकडचे दोन्ही लायनर काळे, चकचकीत, तेलाने भिजलेले. पुतण्या म्हणाला, "बघा, सिलेंडर गळतोय."

चाचांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी ते तेल बोटावर घेतलं, नाकाशी नेलं, मग शेजारच्या बादलीत बोट बुडवून चोळलं. बोट तसंच बुळबुळीत राहिलं आणि पाण्यावर तवंग आला. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते पाण्यात मिसळून धुतलं जातं. हे धुतलं गेलं नाही, आणि वास होता गंधकाचा, गिअर ऑइलला येतो तसा. मग त्यांनी व्हील सिलेंडरच्या टोकाचं रबरी बूट उलटून दाखवलं. आत कोरडं होतं. डावीकडे ब्रेक ऑइलचा थेंब नव्हता. तेल येत होतं डिफरन्शिअलमधून, एक्सल नळीतून, आतलं ऑइल सील ओलांडून.

मग ब्रेक ऑइल कमी का होत होतं? उजवीकडे उघडल्यावर ते कळलं. तिथे सिलेंडरचं बूट उलटताच पातळ ऑइल गळालं, आणि ते पाण्यात लगेच धुऊन गेलं. सिलेंडरच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, गंजाचे खड्डे होते. त्या खड्ड्यांवर नवं रबर किट घातलं होतं, त्यामुळे नवे कपही थोड्याच दिवसांत खरवडले गेले होते. शिवाय उजवीकडचा जुना लायनर रिव्हेटपर्यंत झिजला असताना गाडी चालवली गेली असावी. ड्रममध्ये बोटाच्या नखाला लागतील असे चर होते.

म्हणजे एका एक्सलवर दोन वेगळे आजार होते, आणि दोन्ही मिळून एकच खोटं चित्र तयार करत होते. आधीच्या गॅरेजला दोष देताना हेही लक्षात घ्यायला हवं. ऑइल कमी होतंय आणि चाक ओलं आहे, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की मन आपोआप त्या जोडून टाकतं. डावं चाक ओलं होतं, पण ऑइल संपत होतं ते उजव्या चाकात.

गाडी उजवीकडे का ओढायची, याचाही खुलासा झाला. डावा लायनर तेलाने निसरडा होता, उजवा त्या मानाने अजून पकडत होता.

सील का गेलं

इथे मी आग्रह धरला की नवं सील आणण्याआधी ते का गेलं ते पाहू. सील जुनं झालं की जातं, हे खरं. पण मालकांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी शेडमध्ये असताना, आणि बाहेर काढल्यावरच्या पहिल्या फेऱ्यांतही, डावं चाक कोरडं होतं. मग नवीन काय घडलं होतं? इंजिन, रंग आणि खालचं काळं कोटिंग.

एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते, ती या ब्रीदरमधून बाहेर जाते. तो बंद झाला तर दाब वाढतो आणि वाट शोधतो, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे एक्सलच्या टोकाचं सील. चाचांनी चिंध्या आणि पेट्रोल घेऊन कोटिंग खरवडलं तेव्हा त्या जाड काळ्या थराखाली ब्रीदर गाडलेला सापडला. तोंड पूर्ण बंद. काढून फुंकून पाहिला, हवा जात नव्हती.

गाडीवरच्या प्रेमापोटी केलेल्या कामानेच तिचे ब्रेक घालवले होते. पुतण्याला हे ऐकून वाईट वाटलं, पण कोटिंग मारणाऱ्याला कोणत्या जागा झाकायच्या ते कोणी सांगितलं नव्हतं. चासीला रंग किंवा कोटिंग देताना ब्रीदर, ग्रीस निपल, ब्लीडर निपल आणि ब्रेकच्या रबरी होजला आधी टेप लावायचा असतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय घाईचा: ब्रीदर मोकळा करायचा, सील टाकायचं, लायनर पेट्रोलने धुऊन पॉलिश पेपर मारायचा आणि पालखीला निघायचं. हे मी ठामपणे नाकारलं. लायनर तेल पिऊन बसलेला असतो. वरून धुतला तरी घाटात ब्रेक तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. म्हणजे सपाट रस्त्यावर चाचणीत पास आणि उतारावर नापास.

दुसरा पर्याय पुतण्याने इंटरनेटवर पाहिलेला: मागे डिस्क ब्रेक बसवायचे. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण ड्रमसाठीच्या मास्टर सिलेंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच मास्टर डिस्कला जोडला तर पॅड घासत राहतात. म्हणजे मास्टरही बदला. मग पुढे ड्रम आणि मागे डिस्क अशी उलटी विभागणी. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं आणि रिकाम्या पिकअपची शेपटी आधीच हलकी असते. मागचा ब्रेक वरचढ झाला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, आणि त्यात गाडी मूळ रूपात जपलेली असणं अपेक्षित आहे. कुटुंबाच्या मनात पुढेमागे ती नोंदणी करायची आहे. हा पर्याय फार चर्चा न करता बाजूला पडला.

तिसरा पर्याय मागचं पूर्ण काम: दोन्ही सील, बेअरिंगची तपासणी, दोन्ही सिलेंडर, दोन्ही ड्रम, चारही शूचे (ज्या कमानींवर लायनर बसतो त्यांचे) लायनर, होज, नवं ऑइल. त्याला वेळ लागणार होता आणि पालखीचा दिवस चुकणार होता.

चौथा मुद्दा याच्यावर वाढीचा. गाडीला एकच ब्रेक सर्किट आहे. एका व्हील सिलेंडरचा कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किटचा मास्टर बसवला तर निदान पुढचा किंवा मागचा ब्रेक शिल्लक राहतो. माझ्या मते हा बदल करायलाच हवा होता.

पालखीचा निर्णय

घरातले थोरले, म्हणजे पुतण्याचे काका, आळंदीला जाऊन आले होते आणि दिंडीला शब्द देऊन बसले होते. त्यांना हे सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चाचांना एवढंच विचारलं, "तुम्ही स्वतः ही गाडी भरून त्या गर्दीतून न्याल का?"

चाचा म्हणाले, "नाही, अण्णा. आज नाही."

"मग पाणी टेम्पोतून जाईल. सेवा पाण्याची आहे, गाडीची नाही."

त्या दिवशी सर्वांत महत्त्वाचा निर्णय या एका प्रश्नाने झाला. मालकाने मिस्त्रीला 'होईल का' असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा 'करून टाकू' असं येतं. 'तुम्ही न्याल का' असं विचारलं की खरं उत्तर येतं.

केलेलं काम

एक्सल ओढून काढले. डावीकडच्या बाहेरच्या बेअरिंगमधलं ग्रीस गिअर ऑइलने धुऊन नेलं होतं; रोलरवर निळसर तापल्याच्या खुणा होत्या, म्हणून ते बेअरिंग बदललं. उजवं धुऊन, तपासून, नवं ग्रीस भरून परत घातलं. या एक्सलमध्ये बॅकिंग प्लेटच्या मागे पातळ पत्र्याच्या शिम असतात, त्यांच्यावर एक्सलची आडवी हालचाल ठरते. त्या कोणत्या बाजूच्या आहेत ते लिहून वेगळ्या डब्यात ठेवल्या. नवं बेअरिंग टाकल्यावर डायल लावून हालचाल पुन्हा मोजली आणि एक शिम बदलावी लागली.

सिलेंडरचा प्रश्न रंगला. नाना पेठेत एका दुकानात नवे सिलेंडर मिळत होते, बसतही होते, पण मूळ बोअर सहा सूत आणि हे सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दुकानदार म्हणाला, एका सुताने काय होतंय? होतं. जोर बोअरच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि सहाचा वर्ग छत्तीस, सातचा एकोणपन्नास. म्हणजे त्याच दाबाला मागच्या शूवर सुमारे ३६ टक्के जास्त जोर. रिकाम्या पिकअपची मागची चाकं पावसात पहिल्याच जोराच्या ब्रेकला लॉक झाली असती. शिवाय पेडलही जास्त खाली गेलं असतं. म्हणून जुन्याच दोन्ही सिलेंडरना आतून स्लीव्ह (नवी नळी) मारून बोअर पुन्हा सहा सुतांचं करून घेतलं. वेळ लागला, पण गाडीचा तोल जसा होता तसा राहिला.

ड्रमवर चाचांचं आणि माझं एकमत झालं नाही. उजव्या ड्रमचे चर साफ करायला भोसरीतल्या लेथवर व्यासात साधारण ४० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काढावे लागणार होते. डावा ड्रम तेलामुळे उलट छान राहिला होता. चाचांचं म्हणणं, चांगला ड्रम उगाच का कापायचा? माझं म्हणणं, एका एक्सलवर दोन वेगळ्या व्यासाचे ड्रम ठेवले तर ते वेगळे तापतात, वेगळे पकडतात. शेवटी दोन्ही सारखे केले. साधारण ६० थाऊ ही व्यासातली शेवटची मर्यादा मानतात, त्यामुळे हे या ड्रमचं शेवटचं टर्निंग. चाचांना अजूनही वाटतं की डावा ड्रम वाया घालवला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. असे ड्रम आता जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरूनही नशिबानेच मिळतात.

टर्निंगनंतर ड्रमचा व्यास वाढतो, आणि नवा लायनर जुन्या गोलाईचा असतो. तो फक्त मधोमध टेकतो. म्हणून लायनरवर खडू फासून, शू ड्रममध्ये फिरवून, कुठे घासतो ते पाहून गोलाई जुळवली. रिव्हेट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे मारत नेले, नाहीतर लायनर मध्ये फुगा धरतो.

शू बसवताना पुतण्याने मोबाइल पुढे केला. एका अमेरिकन शेव्हर्ले पिकअपच्या व्हिडिओत लहान लायनरचा शू पुढे आणि मोठ्या लायनरचा मागे होता. आमच्याकडे चाचा उलटं करत होते. दोन्ही बरोबर आहेत. त्या पिकअपचे शू खाली एकमेकांना जोडलेले आणि वर एकाच पिनवर टेकलेले असतात. पुढचा शू मागच्याला ढकलतो, म्हणून जास्त काम मागचा करतो. आमच्या गाडीत प्रत्येक शू खाली स्वतःच्या पिनवर अडकलेला आहे. तिथे गाडी पुढे जाताना पुढचाच शू ड्रममध्ये ओढला जातो आणि जास्त भार घेतो, म्हणून मोठा लायनर पुढे. बाहेरून दोन्ही ड्रम सारखेच दिसतात. दुसऱ्या गाडीचं पाहून शू अदलाबदल झाले की ब्रेक लागतो, पण कमी लागतो, आणि कारण वर्षानुवर्षं सापडत नाही.

मागच्या एक्सलवरची रबरी होज आतून फुगलेली निघाली, ती बदलली. खालच्या पिना आणि वरचे कॅम फिरवून शूचं अंतर जुळवलं. पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल ठेवली; ती नसेल तर मास्टरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही आणि ब्रेक धरून राहतो. मग डॉट-३ ऑइल भरून सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून पाइपांत अडकलेली एअर काढली. मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली फरशीखाली आहे, त्यामुळे प्रत्येक चाकानंतर वाकून पातळी पाहावी लागते. एकदा तळ गाठला की पुन्हा पहिल्यापासून.

हब परत घालताना टेपर आणि हबचं भोक कोरडं, स्वच्छ पुसलं. ग्रीसचं बोट नाही. नट पुस्तकातल्या मापाने आवळला. कॉटर पिनचं भोक जुळत नव्हतं तेव्हा नट मागे न घेता आणखी पुढे आवळून जुळवलं. या टेपरवरची पकड सुटून चावी तुटली तर ते चाक एक्सलपासून मोकळं होतं, आणि वर सांगितल्याप्रमाणे शाफ्टवरचा हँडब्रेकही मग त्या चाकाला धरत नाही.

निकाल

पहिली चाचणी बागेच्या आतल्या सपाट रस्त्यावर, चालण्याच्या वेगाने. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० पर्यंत नेऊन, चाक लॉक न करता थांबवायची, मध्ये थंड होऊ द्यायची, असं पुन्हा पुन्हा. गाडी सरळ थांबू लागली. थांबल्यावर दोन्ही मागच्या ड्रमचं तापमान बंदुकीच्या थर्मामीटरने पाहिलं. जवळजवळ सारखं होतं. त्यानंतर एक्सलचे नट पुन्हा तपासले, डावा थोडा आवळला गेला. ही दुसरी तपासणी टेपर हबला लागतेच.

पालखी तोवर सासवड सोडून पुढे गेली होती. पाणी टेम्पोतून गेलं. गाडी पावसाळ्याच्या शेवटी रिकामी दिवे घाटात नेली, उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून न धरता मधून मधून वापरत. वडकीला खाली आल्यावर पेडल तेवढंच घट्ट होतं आणि चाकांना वास नव्हता. दिवाळीनंतर चाचांनी डावं चाक काढून आत डोकावून पाहिलं. कोरडं.

वेगळं काय करता आलं असतं

आधीच्या गॅरेजने तेल बोटावर घेऊन पाण्याने धुऊन पाहिलं असतं, तर दोन वेळचे लायनर आणि बेअरिंग वाचलं असतं. या चाचणीला पैसे लागत नाहीत.

आमच्याकडून पुढचे ब्रेक राहिले. पूर्ण लक्ष मागे गेलं आणि पुढची चाकं नंतर उघडली. तिथे गंभीर काही निघालं नाही, पण मागचा ब्रेक नव्याने जोरात झाला आणि पुढचा जुनाच राहिला, अशा अवस्थेत काही फेऱ्या झाल्या. क्रम उलटा हवा होता.

ब्रीदर मोकळा करून मूळ जागी लावला आहे. चाचांची सूचना अशी की त्याला रबरी नळी जोडून ती वर बॉडीच्या आत न्यावी, म्हणजे ओढ्यातून गाडी काढताना तापलेला एक्सल पाणी ओढून घेणार नाही. मूळपणाचा हट्ट सांभाळायचा तरी ही नळी दिसत नाही आणि काढताही येते. मला ती पटते. पुतण्याने अजून लावलेली नाही.

दोन सर्किटच्या मास्टरचं काम पुढे ढकललं गेलं, कारण त्यासाठी फरशीखालचा ब्रॅकेट बदलावा लागतो आणि सगळ्या पाइपांची जोडणी नव्याने करावी लागते. मी अजूनही म्हणतो की सिस्टिम उघडी होती, ऑइल काढलेलं होतं, तेव्हाच ते करायला हवं होतं. अण्णांनी ते मान्य केलं आणि तोवरची अट स्वतःच घातली: मास्टर बदलेपर्यंत गाडीत पाण्याचे जार भरायचे नाहीत, आणि घाट फक्त रिकाम्या गाडीने. ब्रॅकेटचं माप भोसरीच्या फॅब्रिकेटरकडे दिलेलं आहे.